मी कोण? : उमदी, निंबाळ आणि खेतवाडी

‘स्वतःला ओळखा’ असे सांगणाऱ्या पुस्तकांना सध्या तोटा नाही. बसस्थानकावरच्या पुस्तकांच्या गाड्यावरसुद्धा स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांशेजारी ती रचून ठेवलेली असतात. चाळून पाहिली तर बहुतेकांत एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत सांगितलेली आढळते : तुम्ही मुळात उत्तमच आहात, फक्त तुम्हाला ते ठाऊक नाही. वाचणाऱ्याला बरे वाटते, ते बरे वाटणे आठवडाभर टिकते आणि मग माणूस दुसरे पुस्तक घेतो.

हा प्रकार आजचा आहे असे समजण्याचे कारण नाही. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात इंद्र आणि विरोचन यांची गोष्ट येते. ज्याला जरा नाही, मरण नाही, शोक नाही, भूक-तहान नाही असा एक आत्मा आहे आणि त्याला जाणणाऱ्याला सर्व काही मिळते, असे प्रजापतीने म्हटल्याचे देवांच्या आणि असुरांच्या, दोघांच्याही कानांवर गेले. देवांकडून इंद्र निघाला, असुरांकडून विरोचन. दोघे हातांत समिधा घेऊन प्रजापतीच्या दारी आले आणि बत्तीस वर्षे शिष्य म्हणून राहिले. मग प्रजापतीने त्यांना सांगितले, पाण्याने भरलेल्या भांड्यात पाहा. त्यांनी पाहिले. केसांपासून नखांपर्यंत आपलेच रूप दिसले. आता चांगली वस्त्रे नेसा, दागिने घाला आणि पुन्हा पाहा. त्यांनी पुन्हा पाहिले. नटलेले रूप दिसले. हाच आत्मा, असे प्रजापती म्हणाला आणि दोघे समाधानाने परत निघाले.

विरोचन थेट घरी पोहोचला आणि त्याने आपल्या लोकांना सांगून टाकले की हा देह म्हणजेच आत्मा, याचीच पूजा करा, याचीच सेवा करा. इंद्राचे मात्र वाटेतच पाऊल अडखळले. हा देह नटला की आत्मा नटतो असे असेल, तर हा देह आंधळा झाला की आत्माही आंधळा होणार, देह लंगडा झाला की आत्माही लंगडा, आणि देह पडला की तोही संपणार. मग यात मिळाले काय? तो समिधा घेऊन माघारी फिरला. पुन्हा बत्तीस वर्षे. या वेळी उत्तर मिळाले की स्वप्नात जो हिंडतो तो आत्मा. इंद्र निघाला आणि पुन्हा थांबला, कारण स्वप्नातलाही मार खातो, रडतो. पुन्हा बत्तीस वर्षे. गाढ झोपेत जो असतो तो आत्मा. यावरही त्याची शंका तयार होती : गाढ झोपेत तर ‘हा मी’ एवढेसुद्धा कळत नाही, हे तर नाहीसे होणेच झाले. मग आणखी पाच वर्षे राहिल्यावर त्याला खरे काय ते सांगितले गेले. एकूण एकशे एक वर्षे, असा हिशेबही उपनिषदकाराने मांडून ठेवला आहे.

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुले आकड्यांना हसतात. हसू द्यावे. मला या गोष्टीत अद्भुत वाटते ते वेगळेच. प्रजापतीने दोघांनाही एकच शिकवण दिली, दोघांनाही तितकीच वर्षे लागली, दोघांनीही तेच पाणी पाहिले. फरक एवढाच की एकाला उत्तर मिळताच तो थांबला आणि दुसरा ते उत्तर घेऊन चालू लागला तेव्हा ते त्याला टोचू लागले.

साहित्याच्या वाचनातही नेमके हेच होते. गेली वीस-बावीस वर्षे मी मराठी शिकवतो आहे. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ साली आली. तेव्हापासून वसतिगृहात राहणाऱ्या मुलांच्या प्रत्येक पिढीत पाच-सहा पांडुरंग सांगवीकर सापडतात. ‘सर, ही माझीच गोष्ट आहे,’ असे ते सांगतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत चमक असते. मला ती चमक आवडते. पण पुढे विचारले की मनूच्या मृत्यूचा भाग कसा वाटला, तर बहुतेकांना तो धड आठवत नाही. खानावळ आठवते, चहा आठवतो, बापाशी असलेला अबोला आठवतो. लहान बहीण जाते आणि पांडुरंगाचे सगळे मिश्कील शहाणपण त्या पानांवर उघडे पडते, ती जागा मात्र निसटते. पाण्यात स्वतःचा चेहरा दिसला, तेवढ्यावर वाचन संपले. ‘मला यात मी दिसलो’ ही वाचनाची पहिली पायरी आहे आणि पुष्कळांची शेवटचीही.

इंद्र-विरोचनाची ही गोष्ट मला नीट उमगली ती गुरुदेव रानड्यांच्या पुस्तकामुळे. रा. द. रानडे यांचा उपनिषदांवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९२६ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. आपल्या भागातल्या वाचकांना त्यांची ओळख करून द्यायची गरज नसावी, पण नव्या पिढीसाठी थोडे सांगतो. ३ जुलै १८८६ रोजी जमखंडीत त्यांचा जन्म झाला. तेव्हा ते पटवर्धनांचे संस्थान होते, आज तो बागलकोट जिल्ह्यातला तालुका आहे. पुण्यात शिक्षण आणि अध्यापन, त्यानंतर अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, काही काळ तेथील कुलगुरू, आणि निवृत्तीनंतर विजापूर जिल्ह्यातल्या इंडी तालुक्यातील निंबाळ या गावी वास्तव्य. ६ जून १९५७ रोजी तेथेच त्यांचा देह पडला. बेळगावात हिंदवाडीत त्यांच्या नावाचे मंदिर आणि तौलनिक तत्त्वज्ञान व धर्म यांच्या अभ्यासाची संस्था आहे. त्या रस्त्याने रोज शाळेला जाणाऱ्या मुलांपैकी किती जणांना हे नाव कोणाचे ते ठाऊक आहे, हे विचारून पाहण्यासारखे आहे.

रानड्यांचे वेगळेपण असे की त्यांना नाम आधी मिळाले आणि तत्त्वज्ञान नंतर आले. जमखंडीत शाळकरी वयात असतानाच त्यांना उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून अनुग्रह मिळाला. ग्रीक तत्त्ववेत्ते, कांट, उपनिषदे हे सगळे त्यानंतरचे. इतर प्राध्यापक पुस्तकातून प्रश्न घेतात आणि जमले तर आयुष्याला लावून पाहतात. रानड्यांचा प्रवास उलट्या दिशेने झाला. आपल्याला जे घडते आहे ते खरे की भास, याची साक्ष ते ग्रंथांतून काढत होते. त्यामुळे त्यांच्या पानांवर हेराक्लिटस आणि याज्ञवल्क्य शेजारी शेजारी बसतात आणि वाचणाऱ्याला त्यात अवघडल्यासारखे होत नाही.

आता ही परंपरा कुठून आली ते पाहा, कारण आपल्या सीमाभागाच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे आहे. मूळ पुरुष निंबर्गीचे महाराज, लिंगायत समाजातले, बोली कन्नड. त्यांच्याकडून रघुनाथप्रिय साधुमहाराज आणि त्यांच्याकडून उमदीचे भाऊसाहेब देशपांडे (१८४३–१९१४), ब्राह्मण. उमदी आज सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात आहे. भाऊसाहेबांचा मठ आणि समाधी इंचगेरीला आहे, आणि ते गाव कर्नाटकात. मधून आज राज्यांची सीमा जाते. संप्रदायाचे मूळ बोध कन्नडमध्ये, नित्यवाचनाचा ग्रंथ मात्र समर्थांचा ‘दासबोध’. इंचगेरीच्या मठात कन्नड घरातला माणूस दासबोधाची ओवी म्हणतो तेव्हा ती कोणत्या भाषेची, असा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. आपण मात्र पाटीवरचे अक्षर कोणत्या लिपीत असावे यावर पिढ्या खर्ची घातल्या. त्या प्रश्नाला त्याचे महत्त्व आहे, ते मी नाकारत नाही. सीमाभागातला मराठी माणूस म्हणून मी त्यात पुरता गुंतलेला आहे. पण हा दुसरा व्यवहारही याच मातीत, याच काळात चालू होता, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठे येत नाही.

रानड्यांचा महाराष्ट्रातील संतांवरचा इंग्रजी ग्रंथ १९३३ साली निघाला. बेळवलकर आणि रानडे यांनी योजलेल्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा तो सातवा खंड. त्यासाठी त्यांनी आधी संतांच्या मूळ वचनांची निवड करून ‘ज्ञानेश्वरवचनामृत’, ‘तुकारामवचनामृत’, ‘रामदासवचनामृत’ अशी मराठी पुस्तके सिद्ध केली होती. इंग्रजी ग्रंथात त्यांनी संतपरंपरेचे पाच कालखंड पाडले आणि प्रत्येकाला एकेक विशेषण दिले. ज्ञानेश्वरांचा बौद्धिक, नामदेवांचा लोकशाही वळणाचा, एकनाथांचा समन्वयाचा, तुकारामांचा वैयक्तिक अनुभवाचा आणि रामदासांचा कर्मप्रधान. परीक्षेत हे पाच मुद्दे लिहायला फार सोयीचे पडतात. मला स्वतःला ही विशेषणे जरा आखीव वाटतात. ज्ञानेश्वरांना बौद्धिक म्हटले की विरहिणी कुठे ठेवायच्या?

पण याच ग्रंथातले तुकारामांवरचे प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. ख्रिस्ती संतांच्या परंपरेतून आलेली ‘आत्म्याची काळी रात्र’ ही कल्पना रानड्यांनी तुकोबांना लावली. देव भेटत नाही, माणसे हसतात, मन ऐकत नाही, स्वतःचे दोष डोंगराएवढे दिसतात, अशा अवस्थेतले अभंग त्यांनी एकत्र केले आणि ही साधकाच्या वाटेवरची एक अटळ अवस्था आहे असे दाखवले. तुकोबांनी देवाला सुनावलेले खडे बोलही त्यांनी बाजूला सारले नाहीत.

इथे माझे रानड्यांशी थोडे भांडण आहे. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ हा काही आत्म्याचा प्रसंग नव्हता. त्या दुष्काळात तुकोबांचा धंदा बुडाला, लोकांत पत गेली, बायको अन्नावाचून गेली, आणि हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवले आहे. भुकेने मेलेल्या बायकोला साधनमार्गातली पायरी म्हणता येत नाही. रानडे जेव्हा सगळे दुःख देवाच्या वाटेवरचे मुक्काम म्हणून मांडतात, तेव्हा दुःखाचे दाणा-पाणी, सावकार, पाऊस हे सगळे गळून जाते. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. तुकोबांनी त्या दुष्काळाची हकीकत सांगून झाल्यावर तिथेच मुक्काम केला नाही. आपले दुःख हीच आपली ओळख, असे धरून बसणे त्यांना शक्य होते. आजच्या काळात तर ते फारच सोपे आहे. तुकोबा तिथून इंद्रासारखे माघारी फिरले आणि विचारत राहिले. रानड्यांच्या चौकटीत कितीही तुटी असल्या तरी ही हालचाल त्यांनी अचूक पकडली आहे.

या पुरुषांच्या मांदियाळीत बहिणाबाईंची (१६२८–१७००) आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. शिऊरच्या म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते कोल्हापुरात, म्हणजे आपल्या अगदी शेजारी. तिथे कथा-कीर्तनात तुकोबांचे अभंग कानांवर पडले. एक वासरू मेले आणि त्या मुलीचे चित्त फिरले. वेदपाठी ब्राह्मण नवऱ्याने ‘शूद्राचा’ ध्यास घेतला म्हणून तिला मारहाण केली. तुकोबांनी स्वप्नात उपदेश केला. हे सारे तिने स्वतः अभंगांत सांगितले आहे, मागच्या जन्मांच्या हकीकतीसकट. जन्मांवर विश्वास ठेवा अथवा ठेवू नका. नवऱ्याला सोडावे की देवाला, आणि या दोन्हींत ‘मी’ कुठे, हा पेच एका बाईने सतराव्या शतकात स्वतःच्या तोंडाने मांडला आहे. तिने तुकोबा ऐकले आणि त्यांच्यासारखे होण्याऐवजी ती स्वतःची हकीकत सांगू लागली. दुसऱ्याच्या अभंगाने आपल्या तोंडाला भाषा फुटावी, यापेक्षा साहित्याकडून मोठी अपेक्षा मी तरी करत नाही.

पुन्हा उमदीच्या परंपरेकडे येऊ. भाऊसाहेब महाराजांचे आणखी एक शिष्य होते, सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६). मूळचे सोलापूर भागातल्या पाथरीचे, विजापुरात एका पेढीवर हिशेबनिसाचे काम करणारे. गुरूंनी दिलेले नामस्मरण आणि ध्यान त्यांनीही केले. पण पुढे त्यांचे मन निराळे बोलू लागले. ध्यानाची वाट ही मुंगीची वाट, फळापर्यंत पोहोचते पण झाड चढता चढता जन्म जातो. विचाराची वाट ही पाखराची, ते सरळ फळावर जाऊन बसते. पिपीलिका मार्ग आणि विहंगम मार्ग ही नावे जुनीच, पण आपल्या गुरूच्या वाटेपुढे आणखी काही असू शकते असे म्हणायला धाडस लागते. गुरुबंधूंना ते रुचणे कठीण होते.

त्यांनी दासबोधावर जी प्रवचने केली त्यांत ते माणसाला एकेक देह सोलून दाखवतात. स्थूल देह म्हणजे हाडामांसाचा. तो मी म्हणावा तर ‘माझा हात’ असे आपणच म्हणतो. मग सूक्ष्म, म्हणजे मन, बुद्धी, वासना, स्वप्ने. तोही ‘माझे मन’ म्हणून बाजूला होतो. मग कारण देह, म्हणजे निव्वळ विस्मरण, काहीच न कळणे. त्याच्यापलीकडे महाकारण, ‘मी आहे’ एवढे शुद्ध भान. आणि तेही अखेरचे नव्हे. वाचकहो, इंद्राच्या खेपा आठवा. पाण्यातला देह, स्वप्नातला, गाढ झोपेतला आणि मग चौथा. जिना तोच आहे, आणि इतक्या शतकांनंतर विजापूरच्या एका हिशेबनिसाने तो मराठीत, घरगुती दृष्टान्त देत पुन्हा उतरून दाखवला.

ही प्रवचने ज्याने लिहून घेतली तो शिष्य म्हणजे मारुती शिवरामपंत कांबळी, पुढचे निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१). बालपण सिंधुदुर्गातल्या कांदळगावात, शिक्षण बेताचे, मुंबईत विड्यांची दुकाने. १९३३ साली सिद्धरामेश्वरांची भेट झाली आणि १९३६ मध्ये गुरू गेले. म्हणजे सहवास तीन वर्षांचा. ‘मी आहे’ या जाणिवेला धरून राहा, एवढेच गुरूंनी सांगितले आणि आपण ते केले, असे ते सांगत. पुढे खेतवाडीतल्या त्यांच्या घराच्या पोटमाळ्यावर देशोदेशीचे लोक येऊन बसू लागले. मॉरिस फ्रीडमन हे त्यांतले एक. पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू, पेशाने अभियंते, औंध संस्थानात स्वराज्याचा प्रयोग झाला त्यात त्यांचा मोठा वाटा. त्यांनी महाराजांचे मराठी संवाद ध्वनिमुद्रित करून इंग्रजीत आणले आणि १९७३ साली ‘आय अॅम दॅट’ हे पुस्तक निघाले. जगातल्या अनेक भाषांत ते गेले. आपल्याकडच्या एखाद्या उच्चशिक्षित तरुणाच्या टेबलावर ते इंग्रजीत दिसते तेव्हा मला गंमत वाटते. त्या इंग्रजीखाली खेतवाडीची मराठी आहे, तिच्याखाली दासबोध, आणि अगदी तळाशी निंबर्गीचे कन्नड.

त्या संवादांत समाधान देण्याची घाई कुठेच नाही. कोणी आपला अनुभव फुलवून सांगू लागला की महाराज विचारतात, हे ज्याला कळले तो कोण? पुन्हा उत्तर आले की पुन्हा तेच. काही पाहुणे रागावून उठून जात असत. त्यांचा राग मी समजू शकतो.

हे सगळे वाचायला कुठून सुरुवात करावी, असे विद्यार्थी विचारतात. मी दासबोधाच्या पाचव्या दशकातला पाचवा समास सांगतो. समर्थांनी त्यात ज्ञान म्हणून मिरवणाऱ्या गोष्टींची लांबच लांब यादी दिली आहे. रत्ने पारखणे, नाणी ओळखणे, घोडे, शस्त्रे, वस्त्रे, वनस्पती, नाना भाषा, दुसऱ्याच्या मनातले जाणणे. आणि हे सगळे चांगले असले तरी ते आत्मज्ञान नव्हे, असे ते बजावतात. भाषा शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला हा समास जरा झोंबतो. लगेच पुढचा सहावा समास शुद्ध ज्ञानाचा आहे, पण तो पाचव्याच्या आधी वाचू नये असे माझे मत आहे. यादीत आपले नाव कुठे बसते ते आधी पाहावे.

रानडे आणि सिद्धरामेश्वर यांच्यात कोण बरोबर, यावर आमच्याकडे एक वाद चालू आहे. आमच्या महाविद्यालयात कन्नड शिकवणारे एक सहकारी आहेत, वयाने माझ्याहून मोठे. मी त्यांना सर म्हणतो, ते मला ‘गुरुगळे’ म्हणून चिडवतात. रानड्यांचे कन्नड संतांवरचे पुस्तक, जे त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले, त्यांनीच मला वाचायला दिले. ते नामाच्या बाजूचे, मी विचाराच्या. संध्याकाळी फिरायला जाताना आम्ही एकमेकांच्या बाजूवर तुटून पडतो, मी मराठीतून, ते कन्नडमधून. मागच्या आठवड्यात त्यांनी इंद्राच्या तिसऱ्या खेपेवर बोट ठेवले. गाढ झोपेत विचार करणाराच नाहीसा होतो, मग तुमचे पाखरू त्या वेळी कोणत्या फांदीवर बसलेले असते, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, नाम घेणाराही तेव्हा झोपलेलाच असतो. ते म्हणाले, हो, पण जाग आल्यावर पहिल्यांदा ओठांवर काय येते ते सांगा. मी अजून त्यांना काही सांगितलेले नाही. उद्या पुन्हा फिरायला जायचे आहे.